ढापण्याला सहा महिने सक्तमजुरी

ढापण्याला आमच्या घरात जितक्या शिक्षा झाल्या, तितक्या एखाद्या सराईत दरोडेखोरालाही झाल्या नसतील. चोरी, घरफोडी, परक्याच्या आवारात विनापरवाना शिरणे, एकदा तर चालत्या आगगाडीतून अख्खा केक पळवणे. सगळ्याची रीतसर सुनावणी होई आणि रविवारी सकाळी पोह्यांच्या बशा रिकाम्या होईपर्यंत निकाल लागे. निकाल देत ते माझे बाबा. ढापण्या हा टीव्हीवरच्या एका कार्टूनमधला चोर होता, आणि घाटकोपरच्या हाउसिंग बोर्डाच्या वसाहतीत कुणीतरी आपल्याला दर आठवड्याला तुरुंगात धाडतंय, याचा त्या बिचाऱ्याला पत्ताही नव्हता.

ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. मजल्यावर टीव्ही एकट्या आमच्याकडे, तोही मामाने नवा घेतला म्हणून आमच्याकडे आलेला जुना, लाकडी शटरचा. रविवारी मजल्यावरची झाडून सगळी पोरं आमच्या बाहेरच्या खोलीत मांडी घालून बसत. कार्टून परदेशी आणि सगळं इंग्रजीत. आम्ही मराठी शाळेतली मुलं. पाचवीत जाईपर्यंत इंग्रजीचं आणि आमचं काही देणंघेणं नव्हतं. त्यामुळे आपटणं, फुटणं आणि पळणं एवढंच आम्हाला आपापलं कळे. बाकीचं बाबा सांगत.

तो प्राणी कोणता, यावरच सुरुवातीला वाद झाला. डोळ्यांभोवती काळे पट्टे, शेपटीवर काळी कडी, हाताची बोटं माणसासारखी. आई म्हणाली मांजर. बाबा म्हणाले कोल्ह्याची विलायती जात. शेवटी समोरच्या बिऱ्हाडातले काका बाजारातून माशांची पिशवी घेऊन येत होते, ते आमच्या दारात थबकले आणि म्हणाले, "ह्यो तर कांडेचोर! आमच्या गावाक फणसार येता रातचो."

"काका, परदेशात फणस असतात?" मी विचारलं.

"नसतत म्हणान तर केक चोरता मरे."

समोरचे काका मालवणकडचे. साकीनाक्याला एका छोट्या कारखान्यात लेथवर काम करत. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. आमच्या घरात तिला सगळे नुसतं 'समोरची' म्हणत, आणि ती दिवसाचे निम्मे तास आमच्याकडेच असल्यामुळे तिच्या घरचे बहुधा मला समोरची म्हणत असावेत. तर काकांमुळे प्राण्याची जात ठरली, आणि नाव पोरांनी ठेवलं. चष्मेवाल्या मुलाला आम्ही ढापण्या म्हणून चिडवायचो, आणि दुसऱ्याची वस्तू पळवणं म्हणजे ढापणं. डोळ्यांभोवती तसे पट्टे असलेल्या चोराला दुसरं नाव शोधायची गरजच नव्हती.

आता बाबांविषयी सांगायला हवं. बाबा उपनगरातल्या एका कोर्टात दुभाषी होते. साक्षीदार मराठीत, हिंदीत किंवा त्याच्या गावच्या भाषेत बोलणार, आणि ते बाबांनी इंग्रजीत न्यायाधीशांना सांगायचं. या कामाचा त्यांना असा काही अभिमान होता की विचारू नका. "जेवढं साक्षीदार बोलला तेवढंच," ते सांगत, "एक शब्द वर नाही, एक शब्द खाली नाही." एकदा एका साक्षीदाराने भर कोर्टात वकिलाला आईवरून शिवी दिली. बाबांनी घसा साफ केला आणि ती शिवी जशीच्या तशी, नात्यासकट, शुद्ध इंग्रजीत न्यायाधीशांना ऐकवली. तोपर्यंत शांत बसलेला वकील म्हणे तेव्हा चिडला. हा किस्सा बाबा आम्हाला शिवी गाळून सांगत. आई म्हणायची, "बघा, घरी सांगताना एक शब्द खाली झालाच."

असा हा सत्यवचनी माणूस रविवारी टीव्हीसमोर बसला की धडधडीत खोटं बोलायचा.

झालं असं, की कार्टूनच्या शेवटी ढापण्याच्या डोक्यावर काहीतरी पडायचं. कधी घंटा, कधी पियानो, कधी अख्खी भिंत. तो पापडासारखा चपटा व्हायचा, मग फुगून उठायचा आणि हसत हसत टेकडीपलीकडे पळून जायचा. मग पडद्यामागून एक लांबट, भारदस्त आवाज इंग्रजीत एक वाक्य म्हणायचा आणि संगीत वाजून सगळं संपायचं. पहिल्याच रविवारी समोरचीने विचारलं, "काका, तो पळाला. मग पोलीस?"

बाबांना ते मनापासून पटलं. चोर हसत पळतो आणि लहान मुलं टाळ्या वाजवतात, हे कोर्टात जन्म घालवलेल्या माणसाला कसं सोसावं? त्या भारदस्त आवाजाकडे बोट करून ते म्हणाले, "ते ऐकलंस? ते न्यायाधीश. ते म्हणतायत, आरोपीवर गुन्हा शाबीत झाला असून त्याला पंधरा दिवसांची साधी कैद देण्यात येत आहे."

पोरं खूश झाली. आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "अहो, एवढ्याशा वाक्यात एवढं सगळं?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात," बाबा म्हणाले.

त्या दिवसापासून आमच्याकडे दर रविवारी कोर्ट भरू लागलं. आवाज दर वेळी तेच वाक्य म्हणतो हे माझ्या लक्षात आलं होतं, पण शिक्षा ऐकण्यात इतकी गंमत होती की मी ते कुणाला बोलले नाही. आम्हाला साध्या कैदेतला आणि सक्तमजुरीतला फरक कळू लागला. "सक्तमजुरी म्हणजे मजुरी मिळते ना?" असं समोरचीने विचारल्यावर बाबांनी तिला सक्ती या शब्दावर छोटंसं व्याख्यान दिलं. पोरं जिन्यात खेळतानासुद्धा एकमेकांना जामीन नाकारू लागली.

अडचण एकच होती. ज्याला पंधरा दिवस आत टाकलं, तो आठ दिवसांत परत पडद्यावर हजर. पण बाबांच्या पोतडीत कायद्याला तोटा नव्हता. पहिल्या वेळी तो जामिनावर सुटला होता. पुढच्या वेळी त्याने वरच्या कोर्टात अपील केलं होतं. एकदा बाबांनी त्याला मुंबई उपनगर आणि ठाणे या हद्दीतून तडीपार केलं, आणि देवाची करणी अशी की पुढच्या रविवारी ढापण्या खरोखरच वाळवंटात निघाला. "बघा," बाबा विजयी मुद्रेने म्हणाले, "हद्दीबाहेर गेला की नाही?" त्या दिवशी बाबांनी पोह्यांची दुसरी बशी मागून घेतली.

आईला हा सगळा प्रकार मंजूर नव्हता. ती ढापण्याच्या बाजूची. "त्याला एकदा तरी पोटभर खाऊ द्या," ती म्हणायची. "केक तोंडाशी नेला की डोक्यावर घंटा. उपाशी तो उपाशी, वर मार खातो, आणि तुम्ही त्याला आणखी आत टाका. त्याला काय कमी शिक्षा झाली?"

"घंटा पडली तो अपघात," बाबा म्हणायचे. "अपघात म्हणजे शिक्षा नव्हे. शिक्षा कोर्टाने द्यायची असते. ती मोजून द्यायची असते, आणि संपली की संपते. नाहीतर आहेच मग, रोज नवी घंटा."

"मोजून दिली की पोट भरतं वाटतं?"

"चोरी ती चोरी."

"मग ज्या कोंबडीच्या घरी तो चोरी करतो, तिला कुंपण नीट लावायला सांगा ना. तिला नाही ते कोर्ट काही विचारत!"

यावर बाबा म्हणत की कोंबडी ही फिर्यादी आहे, आरोपी नव्हे. आई म्हणे, तुमचं डोकं हे डोकं नव्हे, पिनल कोड आहे. कधीकधी समोरचे काका आमच्या दारात उभे राहून हे भांडण ऐकत आणि मिशीत हसत. आत येऊन बसत नसत. रविवारी त्यांना मासे साफ करायचे असत. पण शिक्षा ऐकल्याशिवाय हलतही नसत. "वैनी, तुमचा बराबर," असं आईला सांगायचे, आणि वळताना बाबांना, "सायबांचाव बराबर."

मग एक दिवस समोरचे काका गावाला गेले.

मालवणकडचा माणूस गावाला जातो, यात नवल ते काय? मे महिन्यात जातो, गणपतीला जातो, शिमग्याला जातो. पण हे दिवस त्यातले कुठलेच नव्हते. काकू आणि समोरची इथेच राहिल्या. एस.टी.च्या तिकिटाची धावपळ नाही, ट्रंकेवर नाव घालणं नाही, गावच्या माणसांसाठी मुंबईहून न्यायची बिस्किटं नाहीत. काका नुसते गेले. काकू दाराला कडी लावून बसू लागल्या. चार दिवसांनी त्या पाणी भरायला बाहेर आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. "मालक गावाक गेलेत," त्या म्हणाल्या, कुणी विचारलेलं नसताना.

"हो का," आई म्हणाली, आणि त्यांची कळशी उचलून आत नेऊन ठेवली.

मला कुणी काही सांगितलं नाही. आमच्या काळात मुलांना काही सांगायची पद्धत नव्हती; मुलं भिंतीतून ऐकत आणि मोठी माणसं भिंतींना कान नाहीत असं समजत. कारखान्यातून सुटताना काकांच्या डब्यात पितळेचे तुकडे सापडले, एवढं मी ऐकलं. एकदाच नाही, बऱ्याच वेळा नेले होते म्हणे. गुन्हा कबूल केला, हेही ऐकलं. त्यांचं प्रकरण बाबांच्या कोर्टात नव्हतं. "तेवढं बरं झालं बाई," आई हळूच म्हणाली. "तुम्हालाच त्यांचं बोलणं तिकडे सांगावं लागलं असतं."

पुढच्या रविवारी मात्र बाबा नेहमीसारखे टीव्हीसमोर बसले. एवढ्या हुशार माणसाला कधीकधी साधी गोष्ट सुचत नाही. त्या दिवशी ढापण्याने देवळाची की चर्चची मोठी घंटाच चोरली होती. ती अर्थातच त्याच्या डोक्यावर पडली. तो चपटा झाला, फुगला, हसत पळाला. आवाजाने त्याचं नेहमीचं वाक्य म्हटलं. बाबा म्हणाले, "गुन्हा गंभीर आहे. आरोपीला सहा महिने सक्तमजुरी."

समोरची माझ्या शेजारी बसली होती. ती मोठ्याने म्हणाली, "म्हणजे गावाला गेला."

कुणी हसलं नाही. पोरांनाही काहीतरी कळलं असावं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग टीव्ही बंद करायला उठले. तिने ते वाईट वाटून म्हटलं नव्हतं हो. तिच्या घरात एका दिवशी कुणीतरी 'सहा महिने सक्तमजुरी' असं म्हणालं होतं आणि लगेच दुसऱ्या दिवशी 'पप्पा गावाक गेलेत' असं सांगितलं होतं. तिने दोन्हीची सांगड घातली, झालं. कोर्ट ज्याला सक्तमजुरी म्हणतं त्यालाच मालवणीत गावाला जाणं म्हणतात, अशी तिची प्रामाणिक समजूत होती. भाषांतराची ही चूक आमच्याच मजल्यावर होऊ शकत होती, आणि तीही दुभाष्याच्या घरात!

खरी पंचाईत त्याच्या पुढच्या रविवारी झाली. शटर उघडलं, संगीत वाजलं, आणि ढापण्या आपला धडधाकट, शीळ घालत टेकडीवरून खाली उतरला. समोरची उठून उभी राहिली.

"काका, ह्याचे सहा महिने संपले?"

बाबांनी हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली.

"एका आठवड्यात कसे संपले? मग माझ्या पप्पांचे का नाही संपत?"

जामीन, अपील, तडीपारी, सगळं बाबांच्या पोतडीत होतं. पण त्यातलं काय काढणार? जामीन म्हटलं तर, मग पप्पांना का नाही. अपील म्हटलं तर तेच. खरं सांगते, मला त्यांचा राग आला. त्यांनी आठवड्यामागून आठवडे असा एक तुरुंग बांधला होता की त्यात चोर शिरतो आणि हसत बाहेर येतो. तिने त्यावर विश्वास ठेवला होता, आणि आता तिच्या हिशेबाने सगळ्या जगात फक्त तिचेच पप्पा तेवढे आत राहिले होते. ती रडत नव्हती. उत्तराची वाट बघत होती. सगळं कार्टून संपलं तरी तिने पडद्याकडे पाहिलं नाही.

त्या दुपारी आईने बाबांना चांगलंच फैलावर घेतलं. ढापण्यावरून इतके महिने चाललेलं भांडण तेव्हा पहिल्यांदा खरं भांडण झालं. "फार हौस ना शिक्षा द्यायची," ती म्हणाली, "मग आता ती भोगायची कशी तेही सांगा त्या पोरीला." बाबा खिडकीत बसून राहिले. रविवारी दुपारी झोपायचा माणूस, त्या दिवशी झोपला नाही.

पुढच्या रविवारी पोरं जमल्यावर बाबांनी शटर उघडण्याआधीच जाहीर केलं, "आज जो ढापण्या दिसेल ना, ते जुनं चित्रीकरण आहे. आत जायच्या आधी काढून ठेवलेलं. खरा ढापण्या आत आहे. सहा महिने म्हणजे सहा महिने."

पोरांनी हे सहज मान्य केलं. समोरचीने विचारलं, "आत काय करतो?"

आणि मग आमच्याकडे वेगळाच कार्यक्रम सुरू झाला. कार्टून चालू राही, घंटा पडत राहत, शिक्षा मात्र बंद झाल्या. शेवटचा आवाज आला की बाबा ढापण्याची आतली खबर सांगत. पहिल्यांदा म्हणाले, त्याला सुतारखात्यात घातलंय, रंधा मारायला शिकतोय. समोरची म्हणाली, "लेथ नाही तिथे?" बाबा म्हणाले, चौकशी करतो. ते खरोखरच चौकशी करत. कोर्टात तुरुंगातून आरोपींना घेऊन येणारे पोलीस असत, त्यांच्यातल्या एकाशी बाबांनी ओळख वाढवली होती. हे मला फार नंतर आईकडून कळलं. एरवी पोलिसांना चहासुद्धा न पाजणारा माणूस! पुढच्या रविवारी उत्तर आलं: लेथ नाही, पण यंत्र दुरुस्त करायची वेळ आली की त्यालाच बोलावतात.

"त्याला मासे मिळतात?"

त्यालाही आठवडा लागला. "मासे नाही मिळत," बाबा म्हणाले, "पण डाळ बरी असते. आणि तब्येत चांगली आहे. मध्ये खोकला होता, तो गेला."

पोरांना आता कंटाळा येऊ लागला होता. दोघं-तिघं तर उघड म्हणाली, की काका, एकदा तडीपार करा ना, झकास वाटतं. पण समोरची एक शब्द चुकवत नसे. ऐकून झालं की उठे आणि थेट घरी जाई, आणि समोरच्या दाराआडून तिचा आवाज येई. ती तिच्या आईला सांगत असे की ढापण्याचा खोकला गेला. तिला कळत होतं का? मला वाटतं तिला सगळं कळत होतं. बाबांना ठाऊक होतं की तिला कळतंय. पण दोघांनीही गावचं नाव सोडलं नाही आणि ढापण्याचंही.

एक दिवस बाबा म्हणाले, "ढापण्याला माफी मिळतेय."

"माफी मागितली म्हणून?"

"मागून नाही मिळत. नीट वागलं, नीट काम केलं की सरकार दिवस कमी करतं. त्याला म्हणतात माफी."

"म्हणजे लवकर येणार?"

"येईल," बाबा म्हणाले. नुसतं 'येईल', कलम नाही की अट नाही.

त्या माफीने आमची मात्र तारांबळ उडाली. काकू एका सकाळी धावत आमच्याकडे आल्या. निरोप आला होता, काका त्याच दिवशी दुपारपर्यंत घरी येणार. बाईने आनंदाने हसावं की नाही? ती आईच्या ओट्याला टेकून रडू लागली.

"वैनी, रिकाम्या हातांनी येतले हो ते. मगे गावाक गेल्लले म्हणान कोण मानतला?"

हे बाहेरच्याला कळायचं नाही. गावाहून आलेला माणूस मजल्यावर दारोदार काहीतरी वाटतो. कोकम, फणसपोळी, खाजं, काहीच नाही तर चार काजू. वाटलं नाही तर तो गावाला गेलाच नव्हता. जवळजवळ सहा महिने सगळ्यांनी मिळून जपलेलं गाव त्या दुपारी रिकाम्या पिशवीमुळे ओस पडणार होतं. लालबागला जाऊन मालवणी खाजं आणायचं तर दुपार तिथेच टळली असती. आईने फळीवर हात घातला. आदल्याच दिवशी माझा मामा साताऱ्याहून आला होता. आमचं मूळ तिकडचं. त्याने आणलेला कंदी पेढ्यांचा पुडा तसाच होता. आईने वरचा दुकानाचा कागद काढला आणि पेढे डब्यात भरले.

बाबा कामावर निघाले होते, ते दारातच थांबले. "अगं, कंदी पेढे? मालवणहून?"

"तोंड गोड झाल्याशी मतलब."

"पण लोकांना कळेल ना."

"कळू दे," आई म्हणाली. "तुम्ही निघा."

काका दुपारी आले. बरेच वाळले होते, केस बारीक कापलेले. समोरची त्यांना पाहून धावली नाही. दारात उभी राहिली आणि ते जवळ आल्यावर त्यांच्या सदऱ्याचं टोक धरलं. ते तिने संध्याकाळपर्यंत सोडलं नाही. संध्याकाळी बापलेक दोघं डबा घेऊन निघाली. डबा तिच्या हातात, ती पुढे, काका मागे मान खाली घालून.

"गावाहून आणलंय," ती प्रत्येक दारात म्हणाली.

आणि आमच्या अख्ख्या मजल्याने मालवणहून आलेले साताऱ्याचे कंदी पेढे खाल्ले. आमच्या मजल्यावरची माणसं काही साधुसंत नव्हती. नळावर एकमेकांची उणीदुणी काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. कोपऱ्यातल्या बिऱ्हाडातले आजोबा तर फटकळ म्हणून प्रसिद्ध. त्यांनी पेढा तोंडात टाकला, चव घेतली, भुवया वर केल्या. "च्यायला," ते म्हणाले, "मालवणला पेढे सुधारले हल्ली." आणि आणखी एक उचलला. आमच्या दारात डबा आला तेव्हा बाबा घरी आले होते. एक शब्द वर नाही, एक शब्द खाली नाही म्हणणाऱ्या माझ्या बाबांनी डोळे मिटून पेढा खाल्ला आणि म्हणाले, "गावची चव ती गावचीच." आई पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, कुणास ठाऊक. मला रडू आलं होतं, एवढं नक्की.

मग रविवार आला.

पोरं जमली. समोरची माझ्या शेजारी बसली. काका आले, पण दारातच उभे राहिले, पूर्वीसारखे. हातात माशांची पिशवी मात्र नव्हती. पूर्वी ते दारात उभे राहत ते घाईमुळे. आता आत यावं की नाही, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. आई दोनदा "आत या ना" म्हणाली. ते नुसते मान हलवून चौकटीला टेकले. ढापण्याने कोंबडीची किटली पळवली. भिंत पडली. तो चपटा झाला, फुगला, हसत टेकडीपलीकडे पळाला. आणि तो आवाज आला.

सगळी पोरं बाबांकडे वळली. त्यांना आठवत होतं. एक जण म्हणालाच, "काका, ढापण्या तर सुटला ना? आता ही नवी चोरी. किती महिने?"

काकांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता ते निघून जाणार आणि परत कधी या दारात उभे राहणार नाहीत. समोरचीने माझा हात घट्ट धरला होता. बाबांनी घसा साफ केला. कोर्टात करत असतील तसा.

"आज नीट सांगतो," ते म्हणाले. "तो आवाज न्यायाधीशांचा नाही. कधीच नव्हता. तो दर वेळी एकच गोष्ट म्हणतो. जेवढी म्हणतो तेवढीच मी सांगतो." आणि मग पोरांकडे नाही, दाराकडे बघून म्हणाले, "पुढच्या रविवारी पुन्हा या."

"एवढंच?" आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली.

"एवढंच. एक शब्द वर नाही, एक शब्द खाली नाही."

पोरांची साफ निराशा झाली. इतक्या महिन्यांच्या शिक्षांखाली हे एवढंसं वाक्य होतं! समोरची मागे वळून तिच्या पप्पांकडे बघत होती. काकांनी चौकटीवरचा हात काढला.

"येतंय," ते म्हणाले.

येतंय म्हणजे येतो; आणि निघतानाही आपण 'जातो' म्हणत नाही, 'येतो'च म्हणतो. त्यामुळे ते नुसते निघाले होते की पुन्हा येणार होते, ते कुणालाच कळलं नाही. आठवडाभर समोरची मला रोज शाळेच्या वाटेवर विचारत होती, तुला काय वाटतं, येतील? मी म्हणत होते, मला काय माहीत.

पुढच्या रविवारी आईने पोहे जास्तच भिजवले. शटर उघडून झालं, संगीत वाजून झालं, ढापण्या टेकडीवरून उतरायला लागला, तेव्हा दारात चपला काढल्याचा आवाज आला. काका आत आले, पोरांतून वाट काढत समोरचीच्या मागे भिंतीला टेकून बसले, आणि आईने त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली.